वाइलेफूतलं सात मिनिटांचं भाषण

मंगळवार, १४ मे

तालिताने ही वही दिली. म्हणाली, "मामा, कुणी काय नेसलं होतं, फूल कुठल्या कानावर होतं, कोयता उजव्या हातात होता की डाव्या, सगळं लिहून ठेवायचं. तोच प्रसंग उद्या पुढे चालवायचा असतो, तेव्हा तसाच दिसला पाहिजे."

मी म्हटलं, माझं शिक्षण पाचवीपर्यंतचं, तेही पाद्रीबाबांच्या शाळेतलं.

"पण गावसभेत कोण कुठल्या खांबाला टेकून बसतो, आवा पिताना वाटी कुणाच्या आधी कुणाला जाते, यात जराशी चूक झाली तरी तुम्हाला लगेच कळतं. हे काम त्यातलंच आहे."

तसं असेल तर जमेल. कपड्यांची नोंद अर्ध्या पानात संपते, म्हणून खालच्या जागेत बाकीचं लिहितो. माझी बायको लुपे म्हणते, "चाळीस वर्षं काळज्या माझ्या कानात ओतल्यात. आता वहीत ओता."

काळजी एकच आहे, पण मोठी. सिनेमाला गावसभेने परवानगी दिली ती माझ्या शब्दावर. मी वाइलेफूचा वक्ता आहे. गावाच्या वतीने बोलणं हे माझं काम, पण या वेळी मी घरासाठी बोललो. तालिता माझ्या फेतूची मुलगी. बहिणीच्या लेकराला नाही म्हणणारा भाऊ आमच्या बेटावर अजून जन्मायचा आहे, आणि फेतू जाऊन तीन वर्षं झाली म्हटल्यावर तर प्रश्नच नाही. ऑकलंडला वाढलेली पोरगी सगळं सोडून इथे आली, आपल्या भाषेत सिनेमा करायला. आपल्या भाषेतला मागचा सिनेमा मी कधी पाहिला, ते आठवत नाही.

इओसेफा (नायक): कमरेला निळा लावालावा, जास्वंद डाव्या कानावर.

शुक्रवार, १७ मे

आवाज पकडणारा गोरा माणूस फार कटकट करतो. कोंबडे नकोत, डुकरं नकोत, चर्चमधल्या बायकांचा गाण्याचा सराव नको. पत्र्यावर पाऊस आला की डोकं धरून बसतो. आज त्याने लुपेचा फ्रीज गुरगुरतो म्हणून बंद केला आणि पुन्हा लावायला विसरला. रविवारसाठी ठेवलेलं मटण नासलं. लुपे त्याला म्हणाली, "तुझ्या देशात माणसं मुक्यानेच जगतात का रे?" तो हसला. त्याला एक अक्षर कळलं नव्हतं.

इओसेफा छान काम करतो. गोष्टीत तो मेलेल्या बापाचं मानाचं नाव आणि गावसभेतली जागा घ्यायला परदेशातून घरी येतो. मी त्याच्या जास्वंदीवर डोळा ठेवून असतो.

सोमवार, ३ जून

इओसेफा गेला. न्यूझीलंडला सफरचंदाच्या झाडांची छाटणी सुरू झाली आणि यादीत त्याचं नाव लागलं. सात महिने. त्याची आई तालितासाठी टोपलीभर निरफणस घेऊन आली आणि मान खाली घालून बसली. तालिता रागावली नाही. म्हणाली, "मावशी, मी असते तर मीही गेले असते." टोपली घेतली, आणि मग घराच्या मागे जाऊन अर्धा तास उभी राहिली.

उरलेले प्रसंग आता त्याच्या चुलतभावाची पाठ दाखवून करायचे. चुलतभाऊ जाडा आहे. मी वहीत लिहिलं: पाठ रुंद. तालिताने ते वाचलं आणि पहिल्यांदा हसली.

आता सगळी मदार शेवटच्या मोठ्या प्रसंगावर आहे असं ती म्हणते. मुलाला नाव देण्याचा समारंभ. वक्ता उभा राहून घराण्याची वंशावळ बोलतो, तो.

मंगळवार, ११ जून

समारंभासाठी गावातली खरीच म्हातारी माणसं आपापल्या खांबापाशी बसायला तयार झाली. अडचण आली ती सेउमालेंच्या खांबाशी. म्हातारे सेउमाले गेल्या वर्षी वारले, तेव्हापासून ते मानाचं नाव रिकामं आहे. त्यांच्याच घराण्यातला अपेलू म्हणतो ते माझं. पूर्वेच्या बेटावर, अपिया शहरात राहणारे त्याचे चुलतभाऊ म्हणतात आमचं. प्रकरण कोर्टात आहे. त्या खांबाला बसवायचं कुणाला? शेवटी अपेलूच बसला. म्हणाला, "सिनेमापुरता बसतो." पण बसला तो असा, की आता कुणी उठवूनच दाखवावं.

वक्त्याचं काम करायला अपियाहून रेडिओवरचा निवेदक आला होता. साबण विकल्यासारखा बोलला. म्हाताऱ्यांना हसू आवरेना. दुपारच्या फेरीबोटीने तो परत गेला, त्याला सहाच्या बातम्या होत्या.

तालिता माझ्यापुढे येऊन मांडी घालून बसली. "मामा, तुम्हीच करा."

मी म्हटलं, मी सोंग करणारा माणूस नाही.

"सोंग नकोच आहे. तुम्ही खरे वक्ते आहात, म्हणून तर. फक्त शब्द माझे घ्या." तिने कागद दिला. त्यावर एक वंशावळ होती. सगळी नावं तिने मनाने रचलेली. "ही कुणाचीच नावं नाहीत," ती म्हणाली.

मी कागद तीनदा वाचला. कुणाचंच नाही असं नाव कसं असेल? नाव असलं की त्याला घर असतंच.

बुधवार, १२ जून

आज झालं. 

हातात बापाची काठी, खांद्यावर चवरी. समोर सगळे आपापल्या खांबापाशी. मी कागदावरची पहिली ओळ मनात घोळवली, आणि तोंड उघडलं तर ती बाहेर येईना. त्या काठीला टेकून मी आयुष्यात कधी खोटं बोललेलो नाही. माझा बापही नाही. ती माणसं आपल्या जागी बसलेली, आणि मी त्यांच्यापुढे नसलेल्या माणसांची नावं घेऊ?

मग जे येतं ते बोललो. बापाने पहाटे समुद्रात उभं करून पाठ करून घेतलेलं. होडीतून वाहून आलेला पोर, त्याला उचलून वाढवणारी थोरली मुलगी, त्याच्या डोक्यावर ठेवलेलं नाव, आणि त्या मुलीच्या पोटची रक्ताची शाखा, जी पुढे बेट सोडून पूर्वेकडे गेली. सात मिनिटं. कुणी खोकलंसुद्धा नाही. कोंबडाही आरवला नाही, गोऱ्याने मला मिठी मारली.

तालिता रडत होती. "मामा, ही नावं कागदावरची नव्हती."

"चांगली नावं आहेत," मी म्हटलं.

"फार चांगली. तुम्हाला सुचली ना? मग राहू देत. आता सिनेमा झाला बघा. हे नसतं तर नुसती पाठमोरी माणसं होती."

सेउमाले हे नाव मी एकदाही घेतलं नाही, म्हणजे कुणाकडे बोट दाखवल्यासारखं झालं नाही. अपेलू सगळा वेळ खाली चटईकडे बघत होता. त्याची पाठ धरली असावी. आवाची वाटी आली ती त्याने तोंडाला न लावताच सांडली.

काठी: डाव्या हातात. चवरी: उजव्या खांद्यावर.

शनिवार, १३ जुलै

बरेच दिवस लिहिलं नाही. लिहिण्यासारखं नव्हतं. तालिता अपियात सिनेमा जोडत बसली आहे. अपियातल्या थिएटरवाल्याने ऑक्टोबरमधला एक आठवडा दिला आहे, आणि तोही बाहेरचा मोठा सिनेमा आला नाही तर. मी विचारलं, आला तर? ती म्हणाली, "मामा, वाईट गोष्टी तुम्हाला आधी कशा दिसतात?" वय, मी म्हटलं.

अपेलू दोन रविवार चर्चमध्ये माझ्याशी बोलला नाही. लुपे म्हणते, "त्याच्या घरातल्या बायकाही माझ्याशी बोलत नाहीत. तुम्ही काय केलंत?" मी काहीच केलेलं नाही. कोर्टाचा ताण असेल त्यांना.

शुक्रवार, २० सप्टेंबर

सिनेमा आधी गावाला दाखवायचा, हा गावसभेला दिलेला शब्द. संध्याकाळच्या प्रार्थनेनंतर चर्चच्या सभागृहात पांढरी चादर बांधली. सगळं गाव आलं. इओसेफा दिसला की त्याची आई मोठ्याने त्याच्याशी बोलत होती, "जेवलास का रे?" जाड्या पाठीला सगळे खदखदून हसले.

मग माझं भाषण आलं. मी तसा दिसतो हे मला माहीत नव्हतं. माझा बाप उभा आहे असं वाटलं.

होडीतल्या पोराचं नाव आलं, तेव्हा अपेलू उठला. त्याच्या मागे त्याची बायको, भाऊ, सुना, सगळे. कुणी ओरडलं नाही. त्यांनी आपापल्या चटया गुंडाळल्या आणि एकामागून एक बाहेर गेले. सभागृह एका बाजूने रिकामं झालं. माझा आवाज मात्र चालूच होता.

सोमवार, २३ सप्टेंबर

गावसभा. अपेलू उभा राहिला. "वक्त्यांनी आमच्या मूळपुरुषाला दत्तक म्हटलं. घरात चार माणसांत म्हटलं असतं तर घरात भांडलो असतो. हे यंत्रात म्हटलंय. आमचे अपियातले भाऊ उद्या ते कोर्टात लावतील. परवा ऑकलंडला लागेल. माझी नातवंडं तिथे शाळेत आहेत."

मी म्हटलं, तो सिनेमा आहे, गोष्ट आहे.

"मग गोष्टीतली नावं घ्यायची होतीत," अपेलू म्हणाला. "कागदावर होती ना? तुमच्या भाचीनेच दाखवला मला तो कागद."

मी खाली बसलो. छत्तीस वर्षं मी या सभेत बोलतो आहे.

ठराव झाला: भाषण काढलं नाही, तर सिनेमा कुठेच दाखवायचा नाही, आणि तरीही दाखवला तर आमचं घर गावाबाहेर.

बुधवार, २५ सप्टेंबर

अपियाहून एक वकील आला. पांढरा शर्ट, बूट वाळूने भरलेले. चुलतभावांच्या बाजूचा. त्याला सिनेमाची एक प्रत हवी. म्हणाला, "काका, तुम्ही इतिहास जतन केलात." लुपेने त्याला चहा दिला नाही.

तालिताला फोन केला. भाषण काढून चालेल का?

"मामा, नायक सफरचंदाची झाडं छाटतोय. अर्ध्या सिनेमात त्याच्या भावाची पाठ आहे. आवाज पावसाने खाल्लाय. ते भाषण सुरू होईपर्यंत लोक मला सांभाळून घेतात आणि ते आलं की मला माफ करतात. ते काढलं तर थिएटरवाल्याला मी काय दाखवू?"

मी सांगितलं, काळजी करू नकोस, मी बघतो.

एक मार्ग आहे. बापाने तो कधी वापरला नाही, आजोबांनी एकदा वापरला होता.

शनिवार, २८ सप्टेंबर

लुपेची सगळ्यात बारीक विणीची चटई काढली. तिच्या आईने दोन वर्षं विणलेली. लुपे म्हणाली, "गुडघे तरी शाबूत आहेत का तुमचे?" आणि मग माझ्या अंगावरून ती नीट केली.

उजाडायच्या आत अपेलूच्या घरासमोर जाऊन बसलो आणि चटई डोक्यावरून ओढून घेतली. चटईखाली वासाशिवाय काही नसतं. जुना पाला आणि खोबरेल तेल. रिवाज असा, की ज्याचा अपराध केला त्याने बाहेर यावं आणि चटई उचलावी. नाही तर दगड मारावा, तोही त्याचा हक्क. ऊन चढलं. कुणी चूल पेटवल्याचा आवाज. मुलं जवळ येऊन परत पळत होती. एकदा कुणीतरी माझ्याजवळ येऊन उभं राहिलं आणि गेलं. मी सिनेमाचाच विचार करत होतो. एकदा चटई उचलली की प्रकरण संपतं. त्यानंतर त्यावर बोलणं हेच पाप. म्हणजे मग सिनेमा दाखवायला हरकत नाही.

दुपारच्या घंटेला चटई उचलली गेली. अपेलूच होता. त्याचे डोळे लाल होते. त्याने मला हात देऊन उठवलं, सावलीत बसवलं, शहाळं दिलं. दोघंही रडलो. लहानपणी आम्ही एका होडीत मासे मारायचो.

मग तो सगळ्या गावासमोर उभा राहिला. "आज वक्त्यांनी चटईखाली बसून कबूल केलं, की त्यांच्या तोंडून खोटं गेलं. आम्ही माफ केलं. गावाने हे ऐकलं. आणि जे खोटं ठरलं ते आता कुठे दाखवलं जाणार नाही, हेही गावाने ऐकावं."

लोकांनी मान डोलावली. माझ्या हातात शहाळं होतं. मी त्याकडे बघत राहिलो.

मंगळवार, १ ऑक्टोबर

फेरीबोटीवर तालिता मला न्यायला आली होती. तिने तोडगा काढला आहे. माझं चित्र तसंच ठेवायचं, ओठही तेच, वर फक्त आवाज नवा. कागदावरच्या नावांचा.

बोटीच्या कठड्यापाशी तिने विचारलं, "मामा, तुम्ही बोललात ते खरं होतं का?"

"हो."

"मग चटईखाली का बसलात?"

"तुझ्यासाठी."

"मला खरं नकोच होतं, मामा. मी खोटंच लिहून दिलं होतं. खोटं चाललं असतं. तुम्ही आधी तिथे खरं बोललात जिथे खोटं हवं होतं, आणि मग तिथे खोटं कबूल केलंत जिथे खरं…" आणि तिने माझ्या पाठीवर हात ठेवला. "जाऊ द्या. ऊन लागेल, आत बसा."

तिला मी काही समजावून सांगणार होतो. नक्की काय, ते आता आठवत नाही.

गुरुवार, ३ ऑक्टोबर

एका खोलीत भिंतींना गाद्या लावल्या आहेत. समोर पडद्यावर मी, कानात मी. त्याच्या ओठांवर माझे शब्द बसवायचे.

बसून जमेना, म्हणून मी काठी मागितली. काठी घरी होती. झाडूचा दांडा दिला. उभा राहिलो. पहिलं नाव घेतलं, आणि लक्षात आलं की त्या नावाचं एक घर आमच्याच किनाऱ्यावर आहे, चार गावं सोडून. सांगितलं. तालिताने नाव बदललं. नवीन नावाचं घर दक्षिण किनाऱ्यावर निघालं. पुन्हा बदललं. तिसरं नाव माझ्या मेलेल्या मेव्हण्याचं होतं. गाद्यांमध्ये घाम फुटला होता सगळ्यांना.

"मोठ्या देशात," तालिता म्हणाली, "नाव सुचलं की लिहितात."

"तिथे घरं फार असतील," मी म्हटलं, "ओळख कुणाची नसेल."

शेवटी कुणाचंच नसलेलं एक नाव सापडलं. ते उच्चारलं तर भाषेतला शब्दच वाटेना. संध्याकाळपर्यंत प्रयत्न केला. माझे ओठ आणि माझा आवाज जुळले नाहीत.

सोमवार, २१ ऑक्टोबर

बाहेरचा मोठा सिनेमा आलाच. आम्हाला दुपारी चारचा खेळ मिळाला, तीन दिवस. मी पहिल्या खेळाला गेलो. लुपे, मी, तालिता, आणि एकोणीस माणसं. मोजली कारण मोजता येत होती.

भाषणाच्या जागी तालिताने समुद्राचा आवाज घातला आहे. मी उभा आहे, तोंड हलतं आहे, चवरी खांद्यावरून फिरते आहे, आणि लाटा. सात मिनिटांची तिने दोन केली आहेत. आमच्या मागची बाई नवऱ्याला म्हणाली, "हा म्हातारा काय बोलतोय?" तो म्हणाला, "काही नाही गं, समुद्र दाखवायचाय त्यांना." दोन माणसं तेवढ्यात उठून गेली.

थिएटरवाला चांगला माणूस आहे. दारापाशी म्हणाला, "पुढच्या वेळी गाणी घाला. आणि थोडं हसवा." तालिताने त्याचे आभार मानले.

शुक्रवार, १ नोव्हेंबर

तालिता ऑकलंडला गेली. विमानतळावर मी विचारलं, पुढचा सिनेमा कधी? ती म्हणाली, "इओसेफा म्हणतो फळं भरायच्या कारखान्यात माणसं हवीत." मला ते थट्टेतलं वाटलं. मी हसलो. ती हसली नाही.

या वहीची पंधरा पानं कोरी आहेत. घेऊन जा म्हटलं, पुढच्याला लागतील. तिने ती माझ्याच पिशवीत ठेवली.

शनिवार, ९ नोव्हेंबर

आज गावसभेने ठराव केला. वाइलेफूच्या हद्दीत यापुढे कुणालाही, आपल्या किंवा परक्या, कुठल्याही भाषेत सिनेमा करता येणार नाही. अपेलूने मांडला, सगळ्यांनी मान्य केला. मीही. शेजारच्या दोन गावांनीही आमच्याकडे ठरावाची नक्कल मागितली आहे.

ठराव गावात फिरून जाहीर करणं हे वक्त्याचं काम. लुपे म्हणाली, "तब्येत बरी नाही म्हणून सांगा. दुसरं कुणीतरी जाईल."

पण दुसरं कुणी गेलं, की काठीही त्याच्याकडे जाते. बापाची आहे ती.

प्रार्थनेच्या आधी निघालो. चर्चपासून किनाऱ्याने, मग विहिरीकडून वर. दर पाच घरांमागे थांबलो, काठी टेकली आणि शब्द न शब्द नीट उच्चारला. बायका चुलीपासून उठून ऐकत होत्या. आज पाऊस नव्हता, वारा नव्हता, कोंबडे गप्प होते. इओसेफाची आई दारात उभी राहून ऐकत राहिली आणि मग आत गेली.

आवाज चांगला लागला. शेवटच्या घरापर्यंत स्पष्ट ऐकू आला, असं सगळे म्हणाले.